नववा प्रश्न

डुलुथ, ३ फेब्रुवारी

हेल्मी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच स्टोव्हमध्ये टाकशील अशी भीती वाटते, म्हणून महत्त्वाचं ते पहिल्याच ओळीत लिहायचं ठरवलं होतं. पत्र फोडलंच नाहीस तर पहिली ओळ तरी कशी वाचणार, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं. असो. गेल्या बुधवारी सकाळी दहा वाजता तुला फोन करून दहा प्रश्न विचारणारी बाई मी होते.

मी ते मुद्दाम केलं नाही. हे आधी सांगू दे. मिनिआपोलिसच्या ज्या चाचणीत तू आहेस, तिच्यासाठी आम्ही सहा जणी आपापल्या घरून फोन करतो. आमच्या यादीत नाव नसतं, गाव नसतं, नुसता क्रमांक. तुझा चारशे सतरा. फोन केंद्रातून जोडून मिळतो, त्यामुळे पलीकडचा नंबरही दिसत नाही. कोणाला मशरूममधलं सायलोसिबिन मिळालं आणि कोणाला नैराश्यावरच्या रोजच्या, नेहमीच्या गोळ्या, हे आम्हाला कळू नये म्हणून एवढा बंदोबस्त. दोन्ही गटांना त्या खोलीत दोनदा डोळ्यांवर पट्टी बांधून झोपवतात. दोन्ही गटांना रोज कॅप्सूल देतात. एका गटाचं खोलीतलं औषध खरं असतं, दुसऱ्याची कॅप्सूल खरी असते. आम्ही फक्त ऐकायचं आणि प्रत्येक प्रश्नाला शून्य ते सहा गुण द्यायचे. आजार जितका जास्त, तितके गुण जास्त.

आवाज ओळखीचा निघाला तर काय करायचं तेही लिहून दिलेलं आहे. ‘मला हा कॉल थांबवावा लागेल,’ एवढं म्हणायचं, फोन ठेवायचा आणि आमच्या वरिष्ठ मॉरीनला कळवायचं.

मी तुला दुसऱ्या प्रश्नाला ओळखलं. झोपेबद्दल विचारलं तेव्हा तू श्वास आत ओढत ‘हो’ म्हणालीस. पण आपल्याकडे अर्धा परगणा तसंच ‘हो’ म्हणतो. मी स्वतःला सांगितलं, हॅनकॉकची नाहीतर कॅल्युमेटची कोणीतरी असेल, चार वर्षांत हेल्मीचा आवाज मी ऐकलेला नाही, मला काय आठवणार. चौथ्या प्रश्नाला तू म्हणालीस, “सहा तास पट्टी बांधून पडले, बाई, आणि सगळ्यात मोठा साक्षात्कार काय झाला सांगू? लघवी लागली.” त्या दिवसांबद्दल आम्हाला काही सांगू नका, असं मला म्हणावं लागतं. ते मी म्हटलं. तू म्हणालीस, “बरं बाई, चुकलं. आपल्यात बोलायचं तरी कशाबद्दल मग?” असं बोलणारी हॅनकॉकमध्ये दुसरी कोण असणार? तरी मी फोन ठेवला नाही.

नववा प्रश्न अपराधीपणाचा. माझ्याकडे टिपण आहे, पण टिपणाशिवायही आठवतं.

मी विचारलं, “गेल्या सात दिवसांत आपण दोषी आहोत, आपल्या हातून वाईट झालं, असं काही वाटलं का?”

“ते आमच्या घरातच राहतं. फुकट राहतं आणि माझ्या आधी जेवायला बसतं.”

“एखादं उदाहरण सांगू शकाल?”

“वेळ आहे तुमच्याकडे?”

“तुम्हाला हवा तितका.” हे वाक्य छापलेलं असतं.

मग तू सांगितलंस. आई गोळ्यांवर होती. गोळ्यांनी ती उठायची, आंघोळ करायची, वाढलेलं खायची, पण हसत नव्हती की रडत नव्हती. एक दिवस ती तुला म्हणाली, पोरी, मला एकदा पोटभर रडू दे. तू बावीस वर्षांची होतीस. तू बाटलीतल्या गोळ्या काढून घेतल्यास आणि तशाच दिसणाऱ्या जीवनसत्त्वाच्या गोळ्या भरल्यास. “कारण रोज सकाळी गोळी द्यायचं काम माझ्या धाकट्या बहिणीकडे होतं. नऊ वर्षांची होती. आईने गिळली की कॅलेंडरवर खूण करायची, हा बाबांचा नियम. पोरगी इतकी प्रामाणिक, की तिला सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत बाबांना कळलं असतं.”

“पुढे सांगू शकाल?”

“साडेतीन आठवड्यांनी आई खाडीवरच्या बर्फावर चालत गेली. मार्च होता, बर्फ पातळ झाला होता. मी खऱ्या गोळ्या तिच्या शिवणाच्या डब्यात टाकल्या, सापडतील अशा. म्हणजे वाटावं, तिनेच तोंडात धरून लपवल्या. आणि बाबांना म्हणाले, लहान आहे हो ती, तिचं लक्ष नसेल.”

यानंतर मी तुला काय विचारलं ते तुला आठवत असेल. मी विचारलं, “गेल्या सात दिवसांत हा विचार साधारण किती वेळा आला?”

“रोज. लिहा तुम्ही, रोज.”

दहाव्या प्रश्नाला, जगणं नकोसं वाटण्याच्या, तू हसून म्हणालीस, “आमच्याकडे बर्फ अजून पक्का आहे, काळजी नको.” मग म्हणालीस, थट्टा केली. मी नियमाप्रमाणे केंद्रातल्या डॉक्टरांना लगेच कळवलं. त्यांचा फोन तुला तासाभरात आला असेल. गुणही नियमाप्रमाणेच भरले आणि पाठवून दिले.

आता मला एक विचारायचं आहे, आणि ते कामाचं नाही. हे खरं आहे का? या आजारात माणसं न केलेल्या गोष्टीही अंगावर घेतात. आयोवातल्या एका बाईची खात्री होती की गावातला पूल तिच्यामुळे खचला. तुझं तसं काही असेल तर तसं लिही. मला ते चालेल. खरं सांगायचं तर मला तेच हवं आहे.

रीका


डुलुथ, १३ फेब्रुवारी

हेल्मी,

उत्तर आलं नाही. टपालाला तीन दिवस जायला, तीन यायला, आणि पत्र घेऊन विचार करायला तुला दोन, असा हिशेब मी केला होता.

दरम्यान पहिल्या पत्राची माझ्याकडची प्रत पुन्हा वाचली. एक वाक्य खोटं निघालं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तू मला शिकवत होतीस तेव्हा सांगायचीस, चूक सापडली की रबर हातात घ्यायचं नाही, नुसती एक रेघ मारायची आणि वर बरोबर ते लिहायचं, म्हणजे चूकही दिसत राहते. तर रेघ मारते. ‘गुणही नियमाप्रमाणेच भरले,’ हे खोटं आहे.

बाकीच्या नऊ प्रश्नांचे तुझे मिळून सतरा झाले. नवव्याला मी दोन दिले. एकोणीस.

बाराव्या आठवड्याला वीस किंवा जास्त गुण असले, तरच केंद्र त्या माणसाला त्याचा गट सांगतं, आणि तो गोळ्यांच्या गटात असेल तर त्याला मशरूमचं औषध उघडपणे, खऱ्या मात्रेत देऊ करतं. तुला हे माहीत असणारच, तुझ्या कागदांत ते आहे. आम्हाला मात्र वीसचा आकडा कळू नये असा नियम आहे. गेल्या उन्हाळ्यात मॉरीन बोलता बोलता बोलून गेली. मी तेव्हा कानांवर हात ठेवायला हवे होते. म्हणजे दोन लिहिताना मला माहीत होतं की वीस लागतात. यादी २८ फेब्रुवारीला बंद होते.

माझ्याकडे सबब तयार होती, आणि ती चांगली होती. मार्गदर्शिकेत लिहिलंय, अपराधीपणा वाजवीपेक्षा जास्त असेल तर जास्त गुण. खरोखर केलेल्या गोष्टीचा पश्चात्ताप हा काही आजार नाही. पण वाजवी किती हे ठरवणारी मी कोण? आमच्यातल्या डोनाने तो फोन केला असता, तर तिला एक चाळिशीची बाई दिसली असती, जी अठरा वर्षांपूर्वीच्या एका गोष्टीसाठी रोज स्वतःला खाते आहे. तिने डोळे मिटून पाच दिले असते. मला बाई दिसलीच नाही. मला फक्त ती गोष्ट दिसली.

दोन लिहिताना मला कसं वाटलं तेही लिहिते. बरं वाटलं. आठ-दहा सेकंद फार बरं वाटलं.

चार वर्षांपूर्वीचं थँक्सगिव्हिंग. मी ही नोकरी लागल्याचं सांगितलं, माणसं ऐकून-बघून गुण द्यायचं काम आहे म्हणाले. तुझ्या हातात ॲपल पायची थाळी होती. तू म्हणालीस, “बघायचं काम? तुला दिलं? देवा, त्या बिचाऱ्यांचं काही खरं नाही.” बाबा ताटात बघत राहिले. तुझा नवरा डेल उगाच हसला. मी कोट घेतला आणि निघाले, आणि तेव्हापासून तुला पत्र नाही की फोन नाही. आता सांगते, मी राग धरला तो तू निर्दयपणे बोललीस म्हणून. तू खोटं बोललीस असं माझ्या कधी मनातही आलं नाही. मला वाटायचं, बोलायला नको होतं, पण बोलली ते खरंच.

मी स्टोव्ह तीनदा बघते. कुलूप लावून गाडीपर्यंत जाते आणि परत येते. पत्र पेटीत टाकल्यावर पेटीचं झाकण उघडून आत हात घालून बघते. डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून? मी म्हणाले, नऊ वर्षांची असल्यापासून. काही झालं होतं का तेव्हा? म्हणाले, हो, मी नीट बघितलं नव्हतं.

ते साडेतीन आठवडे तुला आठवतात का? आई सकाळी खाली यायची. वेलदोड्याचा पाव भाजायची आणि त्याचे तुकडे करून मला अपूर्णांक शिकवायची. तू नुसती हात बांधून कडेला उभी असायचीस, आणि मला वाटायचं, शिकवायचं काम गेलं म्हणून रुसली असेल. शनिवारी साउनाच्या वाफेत आई इतकं गायची की बाबा बाहेरून लाकूड आपटून म्हणायचे, “टाइना, अस्वलं जागी होतील.” माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात चांगले दिवस. मला वाटायचं, मी गोळी इतकी नीट देते म्हणून आई बरी झाली.

मी बघितलं होतं, हेल्मी. रोज बघितलं होतं.

पंधरा दिवस राहिले आहेत. मॉरीनला सांगितलं तर तो फोन रद्द होईल, दुसरी कोणीतरी तुला विचारेल आणि माझी नोकरी जाईल. नाही सांगितलं तर तू एकोणीसवर राहशील. बर्फाची ती थट्टा मला सारखी ऐकू येते. मी अजून सांगितलेलं नाही. तुझं उत्तर येईपर्यंत थांबते आहे, असं मी स्वतःला सांगते. 

रीका


डुलुथ, २१ फेब्रुवारी

हेल्मी,

तुझी दोन पानं मिळाली. पहिलं वाक्य वाचून मी पत्र पालथं ठेवलं आणि सगळी भांडी घासली. घासलेलीही पुन्हा घासली.

तू लिहितेस, ‘खरं आहे. आणि फोनवर तू आहेस हे मला पहिल्या प्रश्नालाच कळलं.’ मी ‘ठीक आहे’ म्हणायच्या आधी थांबते म्हणे, लहानपणी बेरीज पुन्हा तपासायचे तशी. मी तुला ओळखायला दुसऱ्या प्रश्नापर्यंत वेळ घेतला आणि वर नाकारत बसले. तू पहिल्यालाच ओळखलंस आणि कामाला लावलंस.

पुढे लिहितेस, ‘समोर बसून सांगितलं असतं तर तू रडली असतीस आणि मलाच तुझी समजूत काढावी लागली असती. फोनवर तुला फक्त विचारता येत होतं.’

हे मी बऱ्याच वेळा वाचलं. मला वाटत होतं, एका अनोळखी बाईजवळ तुझं मन मोकळं झालं आणि ती बाई दुर्दैवाने मी निघाले. तसं असतं तर मला तुझी दया आली असती. थोडी आलीही होती. पण तू मला निवडलंस, कारण माझ्या तोंडाला नियम बांधलेला होता. रीका नियमाची पक्की, ती काही बोलणार नाही, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक? तूच तर घडवलंस. आईचा मृत्यू तू माझ्या अंगावर टाकलास तेव्हा मला उत्तर देता येत नव्हतं, कारण मी नऊ वर्षांची होते. परत घेतलास तेव्हाही उत्तर देता येऊ नये अशीच जागा शोधलीस.

आणि आईलाही माहीत होतं! हे मला काल सुचलं, गाडी पुसताना. गोळी गिळली की ती तोंड उघडून जीभ वर करून दाखवायची. आम्ही दोघी हसायचो. रडू तिनेच मागितलं होतं, बाटलीत काय आहे ते तिला ठाऊक होतं, तरी ती रोज जीभ वर करून दाखवायची. त्या घरात रोज सकाळी एकटी मीच खरं वागत होते, आणि एकटी मीच फसत होते.

तू लिहितेस, ‘दोन गुण बरोबर दिलेस. मला मशरूम नको. मी खात्रीने गोळ्यांच्या गटात आहे, आणि गोळ्यांवर मी भांडी घासते, डेलचा डबा भरते, हसायच्या जागी हसते. मधे काच आहे एवढंच. आईची काच आता कळली. तिने सोडली ते चुकलं. मी नाही सोडणार.’

मी चार वर्षांत नव्वदएक माणसांना ते दहा प्रश्न विचारलेत. कोणत्या गटाचं कोण हे मला कळू द्यायचं नसतं, पण बहुतेकांचं कळतंच. गोळ्यांची माणसं म्हणतात, पायाखाली फळी आली. एक म्हातारा म्हणाला, कुत्रा मेला तेव्हा रडू आलं नाही, पण दुसऱ्या कुत्र्याला जेवण घातलं, आधी तेही जमत नव्हतं. ती फळी लहान गोष्ट नाही. मशरूमची माणसं पहिल्या आठवड्यात इतकं बोलतात की मला थांबवावं लागतं. त्यातली काही सहा महिन्यांनीही तशीच असतात. काही सहाव्या आठवड्यात हळू आवाजात सांगतात की सगळं परत आलं, आणि त्यांना त्याची लाज वाटते, जणू देवाने दिलेली भेट त्यांनी हरवली. कोणतं चांगलं ते मला माहीत नाही. ते शोधायलाच तर चाचणी आहे. पण घ्यायचं की नाही हे तू ठरवायचंस, ते दार उघडं असताना. मी रागाने दिलेल्या दोन गुणांनी नाही, आणि तू स्वतःला दिलेल्या शिक्षेनेही नाही. शिक्षा म्हणून गोळ्या घेणं हा काही उपचार नव्हे.

म्हणून काल मॉरीनला फोन केला.

सगळं ऐकून ती म्हणाली, “कॉल थांबवता आला नाही तुला?”

“आला असता.”

“मग?”

“थांबवला नाही.”

“आवाज ओळखायला वेळ लागला असेल. होतं असं.”

“दुसऱ्या प्रश्नाला ओळखला. आठ प्रश्न हातात होते.”

तिने कागद ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाली, “रीका, बाळा, मी आता हे लिहून घेणार आहे. ‘गोंधळून’ असा एखादा शब्द तुला त्यात घालायचा असेल तर आत्ता सांग.”

“गोंधळले नव्हते. नवव्या प्रश्नाचे गुण मी मुद्दाम कमी दिले. आणि वीसचा आकडा मला माहीत होता.”

“तो तुला कोणी सांगितला?”

“तुम्हीच. जुलैमध्ये.”

“अरे देवा,” मॉरीन म्हणाली. मग थोडी हसली, पण ते हसणं चांगलं नव्हतं. “तेही लिहिते.”

तर झालं. हेडफोन आणि मार्गदर्शिका परत पाठवायच्या आहेत. माझे गेल्या वर्षातले सगळे फोन दुसरं कोणीतरी तपासणार आहे, आणि ते योग्यच आहे. तुला २८च्या आत नवी बाई फोन करेल. ती कोण असेल ते मला माहीत नाही, विचारलंही नाही. तिला सगळं सांग, जसं मला सांगितलंस तसं, कमी न करता. ती कोणाची बहीण नाही. ती जे गुण देईल ते तुझे.

हे मी तुझ्यासाठी केलं असं समजू नकोस, आणि याबदल्यात मला काही नको. पण एक गोष्ट वेगळी सांगते. बाबांकडे जा आणि त्यांना सांग. स्वतःच्या तोंडाने, त्यांच्या स्वयंपाकघरात, त्यांना उत्तर देता येईल अशा जागी. अठरा वर्षं ते मला बर्फाच्या कडेला उभं राहू देत नाहीत. साधी किल्ली माझ्याकडे दिली तरी म्हणतात, “नीट बघून ठेव हं.”

रीका


डुलुथ, १७ मार्च

हेल्मी,

बाबांचा शनिवारी फोन आला. इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःहून केलेला हा तिसरा असेल. पहिली दोन मिनिटं हवामानात गेली. 

मग म्हणाले, “हेल्मी येऊन गेली.”

“काय म्हणाली?”

“तुला माहीत आहे तेच.” पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. “ती खूप रडली. मी कॉफी केली.”

मी वाट बघत होते. मला काय हवं होतं ते सांगते, हसू नकोस. मला हवं होतं की त्यांनी टेबलावर मूठ आपटलेली असावी.

“त्या गोळ्या कोरड्या होत्या,” बाबा म्हणाले.

“कोणत्या?”

“शिवणाच्या डब्यातल्या. तोंडात जाऊन आलेली गोळी अशी चकचकीत राहते का? मी रस्त्यावरचा बर्फ ढकलणारा माणूस, पण एवढं कळतं.”

“तुम्हाला तेव्हाच कळलं?”

“दुसऱ्या दिवशी. डबा परत उघडून बघितला तेव्हा.”

“मग मला का नाही सांगितलंत?”

“घर ती चालवत होती, रीका. तुला शिकवत होती, स्वयंपाक करत होती. मी पहाटे चारला बर्फाचा नांगर घेऊन बाहेर. तिला बोललो असतो तर ती निघून गेली असती, नाहीतर तुझ्या आईच्या मागे गेली असती. तू लहान होतीस. वाटलं, विसरशील.”

“नाही विसरले.”

“नाही,” ते म्हणाले. मग, “तिकडे वितळायला लागलं का?”

मी म्हटलं, लागलं. 

मला वाटलं होतं, खरं कळलं की काहीतरी परत मिळेल. तुझ्यावर रागवायला गेले तर तुझ्या मागे आई उभी, आणि तिच्या मागे बाबा. मला एकटीला सोडून तुम्ही सगळे एकमेकांना सांभाळत होता. माझ्यावाचून तुमचं अडत नव्हतं. माझ्यावर टाकण्यावाचून मात्र अडत होतं.

तुझं पत्रही सोमवारी आलं. नव्या बाईने तुला चोवीस गुण दिले. तू गोळ्यांच्या गटातच होतीस. २२ मेला तुला त्या खोलीत खरं औषध मिळेल, आणि त्याआधी गोळ्या हळूहळू बंद करायच्या आहेत. मला आनंद झाला. हे खरं लिहिते आहे, मी नीट तपासून बघितलं, झाला.

गोळ्या कमी करण्याचे आठवडे मात्र थट्टेवारी नेऊ नकोस. केंद्राने दिलेलं वेळापत्रक एका दिवसानेही पुढे ढकलू नकोस की मागे ओढू नकोस. डेलला सांग, काय होतंय ते रोज सांग, आणि वाईट वाटलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन कर. एकाएकी फार छान वाटायला लागलं, गावंसं वाटलं, तरीही कर. आईच्या वेळी घरात एक बावीस वर्षांची आणि एक नऊ वर्षांची मुलगी होती. तेवढं पुरेसं नव्हतं, आणि त्यात तुझाही सगळा दोष नव्हता. हे एवढंच मला तुझ्या बाजूने म्हणता येतं. आणखी येत नाही.

आता फॉर्मचं. त्या दिवशी न्यायला-आणायला आणि रात्रभर सोबत राहायला एक विश्वासाचं माणूस लागतं, आणि डेलला सुट्टी मिळत नाही म्हणून तू माझं नाव घातलंस. लिहितेस, ‘तू असलीस की मला भीती वाटणार नाही, कारण तू बघशील.’ हे वाक्य तू चांगल्या मनाने लिहिलंस हे मला कळतं. कळूनही मी उठून स्टोव्ह पुन्हा बघून आले.

मी येणार नाही. माझं नाव काढ आणि बाबांचं लिही. त्यांचे डोळे चांगले आहेत, आणि तो रस्ता त्यांना बर्फातही पाठ आहे, मेमध्ये तर काहीच नाही. सहा तास जायला, सहा तास यायला. त्यांनी तुझं झाकलं हे तुला आता कळलं आहे, तू झाकलंस हे त्यांना तेव्हाच कळलं होतं. एकमेकांशी बोला, नाहीतर गप्प बसा, नाहीतर अर्ध्या वाटेत थांबून मांस-बटाट्याची पास्टी खा. काय करायचं ते तुम्ही दोघांनी ठरवा. मागच्या सीटवर मी नसेन.

रीका